गंगापूर रोडचा प्लॉट, गावची बाग अन् वकिलाची फी
गंगापूर रोडला प्लॉट, गावाकडं द्राक्षबाग. पण नवरा-बायकोचं फाटलं की कोर्टात उत्तर ठरलेलं, शेती तोट्यात आहे. पगाराची स्लिप नसते. माहेरी बसलेल्या बाईनं कमाई दाखवायची कशी, आणि वकिलाची फी आणायची कुठून?

नागपूरच्या रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२० ला सांगितलं, दोघांनीही मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं. शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. जमीन, पीक, जनावरं सगळं लिहावं लागतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. अंतरिम अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढा, असं कायदा म्हणतो खरा. याच प्रकरणात अर्ज २०१३ चा अन् अंतरिम आदेश २०१५ चा! तोवर घर चालवायचं कशावर?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दाव्याचा खर्चही मागता येतो, स्वतःची कमाई नसलेल्या नवऱ्यालासुद्धा. बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळू शकतो. त्याला उत्पन्नाची अट नाही.