लेक परदेशात, विवरणपत्र बापाचे

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील भातशेती करणाऱ्या घरांचा प्राप्तिकर खात्याशी एरवी फारसा संबंध येत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरणपत्र नाही, असा सरळ हिशेब. पण घरातील मुलगा किंवा मुलगी शिकायला परदेशी निघाली की हा हिशेब बदलतो.

पहिला मुद्दा टीसीएसचा. शिक्षणासाठी स्वतःजवळचे पैसे परदेशी पाठवले, तर २०२५-२६ या आर्थिक वर्षात १० लाखांवरील रकमेवर बँक ५ टक्के टीसीएस घेते. समजा, वडिलांनी १६ लाख पाठवले, तर वरच्या ६ लाखांवर ३० हजार रुपये जातात. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर मात्र १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही.

हे ३० हजार बुडालेले नसतात. ते वडिलांच्या पॅनवर जमा असतात आणि फॉर्म २६एएसमध्ये दिसतात. करपात्र उत्पन्नच नसेल, तर सगळे परत मिळतात; पण विवरणपत्र भरले तरच. शिवाय साठीच्या आतील व्यक्तीचा टीडीएस-टीसीएस मिळून २५ हजार किंवा अधिक झाला, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी विवरणपत्र सक्तीचे आहे. इथे आणखी एक खोच आहे. शेती उत्पन्न ५ हजारांपेक्षा जास्त असेल, तर सोपा आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ भरावा लागतो.

दुसरा मुद्दा विद्यार्थ्याचा. ऑगस्टमध्ये गेलेला विद्यार्थी एप्रिलपासून चार महिने भारतातच असतो. त्यामुळे त्या पहिल्या वर्षी तो कायद्याने बहुधा 'निवासी'च ठरतो. मग तिथे अर्धवेळ कामातून मिळालेला पगार इथेही दाखवावा लागतो आणि तिथले बँक खाते परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात नोंदवावे लागते. पुढच्या वर्षांत भारतात किती दिवस राहिला, त्यावर ही स्थिती बदलते.

तिथला कायदा वेगळाच. अमेरिकेत एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला एक डॉलरही कमाई नसली तरी फॉर्म ८८४३ द्यावा लागतो. कमाई असेल, तर पहिली पाच कॅलेंडर वर्षे सहसा १०४०-एनआर हा अनिवासींचा अर्ज. मित्राचे पाहून साधा १०४० भरणे ही चूक. भारत-अमेरिका कर करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला तिथली प्रमाणित वजावट मिळते, हेही अनेकांच्या गावी नसते.

नियम वाईट आहेत असे नाही. अडचण अशी की ते पगारदार कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत. ज्याच्यावर करच नाही, त्याच्याकडून आधी पैसे घ्यायचे आणि परताव्यासाठी त्यालाच अवघड अर्ज भरायला लावायचा, हा उलटा न्याय झाला. शेती उत्पन्नावर जगणाऱ्या पालकांसाठी सोपा अर्ज हवा आणि टीसीएस घेतानाच बँकेने परताव्याची माहिती मराठीत छापून हाती द्यायला हवी.

तोवर पालकांनी एवढे करावे: पैसे कोणाच्या पॅनवरून पाठवायचे ते आधी ठरवावे, बँकेची पावती जपावी आणि ३१ जुलैची नेहमीची मुदत चुकली, तरी ३१ डिसेंबर गाठावी. लावणीच्या दिवसांत तीस हजार ही लहान रक्कम नव्हे.