गवतातल्या ढेकणाचे बारसे

मिरिडी हे ढेकणांचे जगातले सर्वांत मोठे कुळ आहे. आजवर त्यातल्या अकरा हजारांहून अधिक जातींना नावे मिळाली आहेत. रात्री अंथरुणात चावणारा ढेकूण हा या कुळाचा लांबचा भाऊबंद. तो रक्तावर जगतो. मिरिडींपैकी बहुतेक जण झाडांचा रस पितात, काही जण मावा आणि इतर किड्यांची अंडी फस्त करतात. या कुळाची स्टेनोडेमिनी नावाची एक शाखा मात्र गवताला धरून राहिली. तिच्यातले किडे पात्यासारखेच अरुंद आणि लांबट असतात, रंगाने हिरवे किंवा वाळल्या काडीसारखे पिवळट. पात्यावर अंग चोरून बसलेला असा ढेकूण हलल्याशिवाय नजरेस पडत नाही.

मराठीत त्याला वेगळे नाव नाही. कोकणात काजूचा मोहोर करपवणारा हेलोपेल्टिस हा मिरिडी कुळातला किडा ‘ढेकण्या’ म्हणून ओळखला जातो. भाताच्या लोंबीतले दूध शोषणारा उग्र वासाचा किडा निराळ्याच कुळातला, पण तोही ‘लोंबीवरचा ढेकण्या’च. यात हसण्यासारखे काही नाही. प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची शिस्त लावणाऱ्या कार्ल लिनिअसनेही १७५८ साली या गणातले कितीतरी किडे सिमेक्स या एकाच प्रजातीत कोंबले होते, आणि लॅटिनमध्ये सिमेक्स म्हणजे ढेकूणच. युरोपातल्या कुरणांवर सर्रास दिसणारा स्टेनोडेमा हा लिनिअसच्या यादीत सिमेक्स लीव्हिगाटस होता. पुढे तो सिमेक्समधून बाहेर पडला, तेव्हा स्टेनोडेमा हा ग्रीक घडणीचा शब्द स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी यावर एकमत होईना. म्हणून जुन्या पुस्तकांत तो लीव्हिगाटम आहे आणि नव्या पुस्तकांत लीव्हिगाटा. किडा तोच, गवतही तेच.

या ढेकणांचे खाणे सोंडेने चालते. वरून सोंड चार सांध्यांची दिसते. तिच्या आत केसाहून बारीक चार सुया असतात. ढेकूण त्या पात्यात खुपसतो, लाळ सोडतो, लाळेतल्या पाचक द्रव्यांनी पेशींच्या भिंती विरघळल्या की तयार झालेले पातळ मिश्रण ओढून घेतो. माव्यासारखा तो रसवाहिनीला तोंड लावून शांत बसत नाही. एका जागी पेशी फोडतो, दुसऱ्या जागी सरकतो. हरितद्रव्य गेलेल्या त्या जागा पात्यावर पांढरट ठिपक्यांसारख्या उमटतात. मादी अंडी पानावर उघडी टाकत नाही, खोडाच्या किंवा पानाच्या आवरणाच्या पेशींत खुपसून ठेवते. पिल्ले पाच वेळा कात टाकून मोठी होतात.

महाराष्ट्राचा या कुळाशी व्यवहार ज्वारीमुळेही आहे. ज्वारी हेही गवतच. तिच्या कणसावरचा ढेकूण, कॅलोकोरिस अँगस्टेटस, १८९३ साली लेथिएरी या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने शास्त्रात नोंदवला. तो स्टेनोडेमिनी शाखेतला नाही, पण ताट गवताचेच. कणीस निसवले की मादी दाखल होते आणि फुले उमलण्यापूर्वी तुसांच्या आत अंडी घालते. आठवडाभरात नारिंगी-तांबड्या रंगाची, मुंगीएवढी पिल्ले निघतात. वाढता वाढता ती हिरवी होतात. अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचा सगळा संसार तीन आठवड्यांच्या आत उरकतो, म्हणजे दाणा चिकात असतानाच त्याचे दूध संपलेले असते. उरतो तो सुरकुतलेला, हलका, ठिपक्याठिपक्यांचा दाणा, आणि ओल्या हवेत त्यावर बुरशी बसते.

१९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. लवकर तयार होणाऱ्या अशा वाणांचे दाणे पाऊस सरण्याआधीच भरू लागले. घट्ट कणसांत ढेकणाला आडोसाही चांगला मिळतो. मोकळ्या, पसरट कणसांत त्याचे तितके फावत नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेने पुढे या एका किड्यावर बराच खल केला. तो करता आला, कारण कशाबद्दल बोलणे चालले आहे हे नावावरून सगळ्यांना कळत होते.

नाव चुकले तर काय होते, ते ट्रायगोनोटायलस या प्रजातीत दिसते. ही अस्सल गवतखाऊ मंडळी. शिंगे लालसर, अंग हिरवे, लांबी पाच-सहा मिलिमीटर. त्यातल्या एका जातीचे नाव रुफिकॉर्निस, म्हणजे लाल शिंगाचा. नाव इतके सोयीचे, की लाल शिंगाचा प्रत्येक हिरवा ढेकूण त्याच डबीत पडत गेला. दुसऱ्या जातीला, सिलेस्टियालियमला, कर्कल्डीने १९०२ साली नाव दिलेले होते; तरी तिचे नमुने कित्येक दशके पहिलीच्या नावावर खपले. आता ही दुसरी जात म्हणजे जपानच्या भातशेतीची डोकेदुखी. बांधावरच्या गवतात वाढायचे आणि भात निसवला की खाचरात शिरायचे, ही तिची रीत. ढेकणाने टोचलेल्या तांदळावर तपकिरी डाग राहतो, आणि जपानी प्रतवारीत हजार दाण्यांत एकाहून जास्त डागी दाणा असला की पहिली प्रत गेली. बांधावरचे गवत कधी कापायचे हे ठरवताना तिथे कोणती जात आहे हे माहीत असावेच लागते. वर्गीकरण म्हणजे निवृत्तांचा विरंगुळा समजणाऱ्यांनी हा हिशोब पाहावा.

नव्या जातीची सुरुवात मात्र साधी असते. जाड पांढऱ्या कापडाची जाळी गवतावरून डावीउजवीकडे फिरवायची, आत पडलेले किडे तोंडाने ओढायच्या नळीत घ्यायचे. काही नमुने अल्कोहोलमध्ये जातात, काही कागदाच्या बारीक त्रिकोणाच्या टोकावर डिंकाने चिकटवून टाचणीवर चढतात. मिरिडींना थेट टाचणी टोचत नाहीत. पाय गळतात, शिंगे गळतात. प्रत्येक टाचणीखाली चिठ्ठी: गाव, तारीख, गोळा करणारा, आणि जमल्यास गवताचे नाव.

मग भिंगाखाली ओळखपरेड. पुढच्या पंखाच्या टोकाशी त्रिकोणी तुकडा घडीने वेगळा झालेला दिसला आणि डोक्यावर बिंदुनेत्र नसले, तर कुळ बहुधा मिरिडी. मागच्या पायाच्या पंजाचा पहिला सांधा लांब, अंग अरुंद, तर शाखा बहुधा स्टेनोडेमिनी. इथपर्यंत चांगला विद्यार्थीही तासाभरात पोचतो. खरी कसोटी पुढे. बाहेरून जुळ्या वाटणाऱ्या दोन जाती बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियांवरून वेगळ्या काढाव्या लागतात. त्यासाठी पोटाचे टोक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून आतले भाग सुईने सोडवतात. मिरिडी नरांच्या डाव्या-उजव्या पकडी सारख्या नसतात. एक मोठी आणि वाकडी, दुसरी लहान. जातीची सही बहुधा त्या वाकडेपणात असते. मादीच हाती आली असेल तर पुष्कळदा नर मिळेपर्यंत काम थांबते.

फसण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. नुकतीच कात टाकलेला ढेकूण फिकट असतो आणि नवीनच कोणी वाटतो. स्टेनोडेमाच्या काही जाती उन्हाळ्यात हिरव्या आणि हिवाळ्यात तपकिरी दिसतात. लेप्टोप्टेर्ना डोलाब्रेटा या कुरणावरच्या ढेकणाच्या बहुतेक माद्या आखूड पंखांच्या आणि नर पूर्ण पंखांचे. एकाच टाचणीपेटीतल्या नवराबायकोला दोन जाती समजावे इतका फरक. म्हणून आज वर्णनाबरोबर डीएनएचा एक ठरलेला तुकडा, ६५८ अक्षरांचा, वाचून जोडण्याची पद्धत पडली आहे. त्याने जोडपी जुळतात आणि पिल्लांचे आईबाप कळतात. पण जुन्या नावाचा मूळ नमुना शंभर वर्षे टाचणीवर असेल आणि त्यातून डीएनए निघत नसेल, तर यंत्रही भिंगाकडेच बोट दाखवते.

भारतीय ढेकणांच्या बाबतीत ही जुनी नावे मुख्यत: एका माणसाशी येऊन थांबतात. विल्यम लुकास डिस्टंट याने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत १९०२ ते १९१८ या काळात ढेकूणवर्गाचे सात खंड लिहिले. मिरिडी कुळाला तो कॅप्सिडी म्हणे. त्याची वर्णने आखूड, रंगावर भर देणारी. नराच्या जननेंद्रियांचा विचार तेव्हा रूढ नव्हता. त्यामुळे आज भारतात एखादा ढेकूण नवा वाटला, की आधी डिस्टंटने तो दुसऱ्या नावाने लिहून ठेवलेला नाही ना, याची खात्री करावी लागते, आणि त्याने पाहिलेले बरेच नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत. नव्या जातीच्या कामातला मोठा वेळ या शोधात जातो. रँडल शू यांनी १९९५ मध्ये जगातल्या सगळ्या मिरिडींची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा हे ओझे बरेच हलके झाले.

एकाच जातीला दोन नावे पडली, तर नियम सोपा आहे: आधीचे टिकते, नंतरचे यादीत उपनाव म्हणून पडून राहते. दिल्लीच्या रस्त्यांचा कायदा याच्या बरोबर उलटा. कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जाणारा कर्झन रोड आता कस्तुरबा गांधी मार्ग आहे. पाटीवर नवे नाव, जुने फक्त म्हाताऱ्या दिल्लीकरांच्या तोंडी. प्राणिशास्त्रात हा रस्ता कर्झनचाच राहिला असता, नाव कितीही नावडते असले तरी. (रस्त्यांच्या बाबतीत दिल्लीचा नियम बरा म्हणायचा.)

याच रस्त्यावर, इंडिया गेटच्या बाजूला, २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदन आहे. पलीकडे इंडिया गेटची हिरवळ पसरली आहे. दिल्लीत हिरवळीला बहुधा ‘दूब’ लावतात, म्हणजे मराठी माणसाची हरळी. गणपतीला वाहतात त्या दूर्वा तिच्याच. ट्रायगोनोटायलस टेन्यूइस हा उष्ण प्रदेशांत जगभर पसरलेला ढेकूण हरळीवर पोसतो. पण यंत्राने सतत कापलेली हिरवळ अशा किड्याला परवडत नाही. अंडी खोडात, आणि खोड गवत कापणाऱ्याच्या पोत्यात. नवे काही शोधायचे तर कापणी न होणाऱ्या जागा बघाव्या लागतात: रेल्वेच्या कडा, ओढ्याचे काठ, माळ.

वर्णन छापताना आंतरराष्ट्रीय प्राणिनाम-संहिता पाळावी लागते. २००० सालापासून नव्या जातीसाठी मूळ नमुना (बहुधा एकच, म्हणजे होलोटाइप) नेमून देणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला हे सांगणे बंधनकारक आहे. भारतातला २००२ चा जैवविविधता कायदा आणखी एक अट घालतो: नवी जात सापडली की सरकारने नेमलेल्या संग्रहाला कळवायचे आणि नमुना तिथे जमा करायचा. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ साली स्थापन झालेली संस्था अशांपैकी एक. तिचे मुख्यालय कोलकात्यात, पश्चिम भारतासाठीचे केंद्र पुण्यात आकुर्डीला. दिल्लीत पुसा संस्थेचा राष्ट्रीय कीटकसंग्रह आहे. ही संस्था मूळ बिहारमधल्या पुसा गावची. १९३४ च्या भूकंपात इमारत कोसळली, आणि दोन वर्षांनी ती दिल्लीला आली ती गावाचे नाव बरोबर घेऊनच.

नमुना सांभाळणे किती नाजूक, हे कस्तुरबा गांधी मार्गाच्या शेजारच्या बाराखंबा रोडने पाहिले आहे. त्या रस्त्याच्या टोकाला, मंडी हाउसजवळ १९७८ पासून असलेले राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे जळाले. ते प्रामुख्याने प्रदर्शनाचे संग्रहालय होते. २०१८ च्या सप्टेंबरात रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला लागलेली आग अधिक क्रूर ठरली. तिथला सुमारे पन्नास लाख कीटकांचा संग्रह बहुतांशी गेला, आणि त्यात कित्येक जातींचे मूळ नमुने होते. मूळ नमुना गेला की ती जात ठरवण्याचे प्रमाण माप हरवते. नवे माप नेमता येते, पण त्यासाठी त्या जातीचा दुसरा नमुना हाती असावा किंवा सापडावा लागतो.

महाराष्ट्रात नवी जात सापडण्याची जागा म्हणजे दख्खनचे माळ. पवना, मारवेल, कुसळी, डोंगरी अशी कितीतरी गवते तिथे आहेत, आणि सरकारी नकाशात यातल्या बऱ्याच जमिनीची नोंद ‘पडीक’ अशी होते. पडीक म्हटले की त्यावर झाडे लावायला, सौर पाट्या मांडायला, प्लॉट पाडायला कोणाची ना नसते. माळढोकाच्या निमित्ताने नान्नजसारख्या थोड्या माळांना अभयारण्याचे कुंपण मिळाले. बाकीच्या माळांवरच्या ढेकणांची बाजू कोणी घेतलेली नाही, आणि नाव नसलेल्या किड्याची बाजू घेणार तरी कशी?

वाचकांपैकी कोणाला असा ढेकूण बांधावर किंवा माळावर दिसला, तर जागा, तारीख आणि गवताचे नाव टिपून ठेवावे. अभयारण्यात तो पकडू नये. तिथे परवानगी लागते. गवताचे नाव येत नसेल तर त्याची तुऱ्यासकट एक काडी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवावी. तुरा विसरू नये. तुऱ्याशिवायचे गवत ओळखताना वनस्पतिशास्त्रज्ञही हात टेकतात.