विमा ट्रॅक्टरचा, पण ट्रॉलीचे काय?

गळीत हंगाम सुरू झाला की पुढे ट्रॅक्टर आणि मागे दोन ट्रॉल्या अशा गाड्यांची रस्त्यावर रांग लागते. यातल्या कुठल्याही मालकाला विचारा, "विमा आहे का?" तो पॉलिसीचा कागद काढून दाखवील. पण त्या कागदात ट्रॉलीचा नंबर आहे का, असे विचारले की बहुतेकांची बोलती बंद होते.

आणखी एक गैरसमज सीमेवरच्या गावांत ऐकू येतो. "कर्नाटकातल्या कारखान्याला ऊस घालतो, तिकडचा कायदा वेगळा." तसे मुळीच नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा साऱ्या देशाला एकच आहे. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला निदान 'थर्ड पार्टी' विमा हवाच. मुंबई-पुण्याचे पासिंग आणि आपले पासिंग यांत फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात. सक्तीचा विमा सगळीकडे सारखाच. तो नसेल तर पहिल्या खेपेला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड चार हजार.

हा विमा गाडीखाली सापडणाऱ्या परक्या माणसासाठी आहे. आपला ट्रॅक्टर उलटला तर दुरुस्तीचा एक पैसा त्यातून मिळत नाही. आणि तो प्रदेशाप्रमाणे बदलत नसला तरी वापराप्रमाणे बदलतो. खरी मेख इथेच आहे. 'शेतीकामासाठी' म्हणून घेतलेली पॉलिसी भाड्याने विटा-वाळू वाहताना उपयोगी पडेलच, असे नाही. ट्रॉली हे कायद्याने वेगळे वाहन. तिची नोंदणी वेगळी, विम्यातही ती वेगळी दाखवावी लागते.

२००७ साली असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॉलीतला मजूर जखमी झाला. विमा होता फक्त ट्रॅक्टरचा, आणि तोही शेतीकामापुरता. कंपनीची जबाबदारी नाही, असे न्यायालयाने ठरवले. मजुराची गरिबी पाहून कंपनीने आधी रक्कम द्यावी, मात्र नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश झाला. म्हणजे शेवटी बोजा मालकावरच! अशा वसुलीत शेतकऱ्याची जमीनसुद्धा पणाला लागू शकते.

तरीही आपल्याकडे ऊसतोडीची टोळी, बायकापोरांसह, ट्रॉलीतच बसते. लग्नाचे वऱ्हाडही ट्रॉलीतच जाते. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, हे कळते सगळ्यांना, पण वळत नाही. चार पैसे वाचवायला जाऊन चार जीव आणि चार एकर दोन्ही घालवायचे, हा कसला हिशेब?

आमचे सांगणे एवढेच. मालकांनी आज घरी गेल्यावर पॉलिसी काढावी आणि चार गोष्टी पाहाव्यात: मुदत, ट्रॉलीचा नंबर, वापर कोणता लिहिला आहे, आणि कामावरच्या मजुरांसाठी जादा हप्ता भरला आहे का. स्वतःला वाचता येत नसेल तर ग्रामसेवकाकडून किंवा सोसायटीच्या सचिवाकडून वाचून घ्यावी. सरपंच आणि पोलीस पाटलांनी हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. कारखान्यांनीही वाहतुकीचा करार करताना ट्रॉलीची पॉलिसी मागावी.

अपघात झाल्यावर पंचनामा होतो, पॉलिसी काढता येत नाही. ती आधीच नीट करून ठेवलेली बरी.