सातवी तार

आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांस अलीकडे एक नवा नाद लागला आहे. करमणुकीच्या दुकानांत नाणें टाकून खेळावयाचीं जीं विजेचीं यंत्रें असत, तशा यंत्राचा फळा घरीं बांधावयाचा, त्यावर दांडी व गुंड्या बसवावयाच्या, आणि मध्यभागीं तळहातानें गरगर फिरवावयाचा एक मोठा चेंडू ठेवावयाचा. या चेंडूच्या साधनास ट्रॅकबॉल म्हणतात. मुलगा अभ्यास सोडून लाकूड कापीत व तारा सोलीत बसतो, अशी तक्रार घेऊन कित्येक पालक आम्हांकडे येतात. त्यांच्याशीं आम्ही सहमत नाहीं. तयार खेळ विकत आणून तासन् तास खेळत बसण्यापेक्षां तो स्वहस्तें बांधणें शतपटीनें हिताचें आहे, असें आमचें मत आहे. मात्र या बांधणींत एक तार अशी आहे कीं जी बहुतेक मुलें जोडीतच नाहींत. पालकांनीं चौकशी करावयाची तर तिची करावी.

हा चेंडू मुळांत खेळासाठीं जन्मास आला नाहीं. दुसरें महायुद्ध संपल्यावर १९४६ सालीं राल्फ बेंजामिन यांनीं ब्रिटिश आरमाराच्या रडारच्या कामासाठीं असें साधन योजिलें. कॅनडाच्या आरमाराच्या डेटार योजनेंत १९५२ च्या सुमारास जो चेंडू बसविला, तो तर तेथील पांच खुंट्यांच्या बोलिंगच्या खेळांतला होता. पुढें अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९७८ सालीं फुटबॉलच्या व १९८० सालीं ‘मिसाइल कमांड’ या खेळांत त्याचा उपयोग केला. १९९७ सालीं इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनीं ‘मेम’ नांवाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यायोगें ते जुने खेळ घरच्या संगणकावर चालूं लागले, आणि आरमाराचा चेंडू आमच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर आला.

चेंडूखालीं काय असतें तें खरोखर पाहण्यासारखें आहे. चेंडू तीन ठिकाणीं टेकलेला असतो. त्यांपैकीं दोन ठिकाणीं एकमेकींशीं काटकोन करून बसविलेल्या पोलादी दांड्या असतात व तिसऱ्या ठिकाणीं नुसता आधाराचा रूळ असतो. चेंडू आडवा फिरला कीं एक दांडी फिरते, उभा फिरला कीं दुसरी. प्रत्येक दांडीच्या टोकास कडेनें फटी पाडलेलें एक चाक असतें; त्याच्या एका बाजूस लहानसा दिवा, व दुसऱ्या बाजूस त्याचा प्रकाश ओळखणारे दोन डोळे. चाक फिरूं लागलें कीं प्रकाश पुनःपुन्हां खंडित होतो, आणि ते खंड मोजले कीं चेंडू किती फिरला तें कळतें. पण कोणत्या दिशेस फिरला, तें कसें कळावें? त्यासाठींच डोळे दोन. ते किंचित् मागेंपुढें बसविलेले असतात. ज्याच्यापुढें आधीं अंधार होतो त्यावरून दिशा ठरते. ही युक्ति इतकी सुंदर आहे कीं ती शालेय पाठ्यपुस्तकांत यावयास हवी होती.

तेव्हां आडव्या गतीच्या दोन तारा, उभ्या गतीच्या दोन, पांच व्होल्टची एक आणि परतीची एक, अशा सहा तारा झाल्या. त्या डाख देऊन किंवा जोडणीच्या ठोकळ्यानें एका लहानशा संकेतफळीस जोडावयाच्या, व ती फळी यूएसबीच्या दोरीनें संगणकास. संगणक तिला माउसच समजतो. चेंडू उजवीकडे फिरविला असतां बाण डावीकडे गेला तर त्या गतीच्या दोन तारांची अदलाबदल करावी. उभ्याचें आडवें झालें तर दोन जोड्या बदलाव्या. येथपर्यंत जी चूक होते ती यंत्र स्वतःच दाखवितें.

सातव्या तारेची गोष्ट निराळी आहे. ती चेंडूच्या धातूच्या बैठकीपासून निघते व जमिनीस जाते. तिचा रंग हिरवा, किंवा हिरव्यावर पिवळी रेघ. तिच्यांतून खेळाचा एकहि संकेत जात नाहीं. ती न जोडतां खेळ सुरू होतो, गुण मिळतात, मित्र टाळ्या वाजवितात. मग या अर्थिंगच्या तारेस अर्थ तो काय, असें मुलांस वाटलें तर नवल नाहीं.

मार्गशीर्ष-पौषांत देशावरची हवा कोरडी झाली म्हणजे याचें उत्तर मिळूं लागतें. त्या दिवसांत लोकरीचा स्वेटर काढतांना चटचट आवाज होतो, हें कोणा मुलास ठाऊक नाहीं? येथेंहि तेंच घडतें. चेंडू कोरड्या तळहातावर घासतो, पोलादावर लोळतो, आणि घर्षणानें वीज सांचते. ती दांड्यांवाटे बैठकीवर जाते. बैठक लाकडी पेटींत बसविलेली, म्हणजे चहूंकडून कोंडलेली. खेळणाऱ्याच्या अंगावरहि उठतां बसतां अशीच वीज सांचते व चेंडूभोंवतालच्या धातूला बोट लागतांच उडी घेते. अशी ठिणगी बोटास जाणवते तेव्हां तिचा दाब तीन हजार व्होल्टांच्या घरांत असतो. प्रवाह अल्प व क्षणिक, म्हणून मनुष्यास इजा होत नाहीं. परंतु पांच व्होल्टांवर चालणाऱ्या फळीस तो दाब सोसत नाहीं. पडद्यावरचा बाण भलतीकडे उडतो, कधीं संगणक फळीस ओळखीनासा होतो, आणि कधीं फळी कायमची निकामी होते. कोंकणांतल्या दमट हवेंत हा त्रास कमी. म्हणून रत्नागिरीच्या मुलाचा खेळ चालला तसा सोलापूरच्या मुलाचा चालेलच असें नाहीं.

कित्येक मुलें येथें एक पळवाट काढतात. बैठकीची तार तीं पांच व्होल्टच्या परतीच्या तारेसच जोडतात, कारण दोहोंसहि इंग्रजींत ‘ग्राउंड’ हेंच नांव आहे. नांव एक असलें तरी वस्तु दोन आहेत. परतीची तार फळीच्या पोटांतून जाते; ठिणगीस ती वाट देणें म्हणजे चोरास माजघरांतून वाट देणें होय. सातवी तार फळीस न शिवतां बाहेरूनच गेली पाहिजे. बैठकीच्या एका स्क्रूभोंवतालचा रंग खरवडून काढावा. तारेच्या टोकास दाबून बसविलेली धातूची कडी, जिला बाजारांत लग म्हणतात, ती त्या स्क्रूखालीं घट्ट आवळावी. आणि दुसरें टोक टेबलावरच्या संगणकाच्या पत्र्याच्या पेटीस, मागील बाजूच्या एका स्क्रूखालीं द्यावें. ती पेटी आपल्या तीन पिनांच्या दोरीनें भिंतींतल्या अर्थिंगला जोडलेली असते. हें काम संगणकाची दोरी भिंतींतून काढून ठेवूनच करावें. यांत मुलास २३० व्होल्टांच्या कोणत्याहि तारेला हात लावावा लागत नाहीं, म्हणून ही वाट आम्हांस सर्वांत बरी वाटते. दोन पिनांच्या चार्जरवर चालणारा लॅपटॉप मात्र येथें कामाचा नाहीं. त्यासच जमीन ठाऊक नसते. आणि ज्यांस पेटीच्या आंतच पडदा व दिवे बसवावयाचे आहेत, त्यांनीं तेवढें काम वायरमनकडून करवून घ्यावें; विजेची मुख्य तार पेटींत शिरली कीं तो मुलांचा प्रांत राहत नाहीं.

आतां पालकांकडे वळूं. तार भिंतीपर्यंत पोंचली, पुढें काय? सॉकेटचें वरचें मोठें भोंक अर्थिंगचें. त्याची पिनहि जाड व लांब असते, अशासाठीं कीं प्लग घालतांना तिचा संबंध सर्वांत आधीं जुळावा व काढतांना सर्वांत शेवटीं तुटावा. योजना करणाऱ्यानें इतकी काळजी घेतली. पण पुष्कळ जुन्या घरांत त्या भोंकामागें तारच नसते. फ्रिजच्या दाराला ओला हात लागतांच झिणझिण्या येतात, आणि घरांतील मंडळी पायांत चप्पल घालून फ्रिज उघडण्याची संवय लावून घेतात! हें धैर्य पाहून हंसावें कीं रडावें तें आम्हांस कळत नाहीं. त्याहून वाईट म्हणजे, कांहीं ठिकाणीं न्यूट्रलच्या तारेचाच एक तुकडा अर्थिंगच्या भोंकास जोडून दिलेला असतो. दिवा लावून पाहावा तर लागतो, सारें ठीक दिसतें. परंतु पुढें कोठें न्यूट्रल तुटली, कीं त्या सॉकेटास जोडलेल्या वस्तूच्या धातूच्या अंगावर २३० व्होल्टांचा दाब येऊन उभा राहतो. ज्या मुलानें इमानानें सातवी तार जोडली, त्याच्याच हाताखालीं तो येईल.

यावर कोणी म्हणेल, मग मुलास हा नाद सोडावयास सांगणेंच बरें. आम्हांस हा न्याय विचित्र वाटतो. चेंडू नसला तरी तोच फ्रिज, तीच इस्त्री, तोच पाण्याचा पंप त्याच भोंकावर विसंबून आहेत. चेंडूमुळें दोष उत्पन्न होत नाहीं, तो उघडकीस येण्याची संधि मात्र मिळते. परवाना असलेल्या वायरमनला बोलावून प्रत्येक सॉकेटचें अर्थिंग मोजून घ्यावें, व नुसत्या मापावर न विसंबतां मुख्य स्विच बंद करवून, सॉकेट उघडून मागची तार कोठें जाते तें पाहवावें. जमिनींत पुरलेली नळी किंवा पत्रा, त्याभोंवतींचा कोळसा व मीठ, यांस उन्हाळ्यांत पाणी मिळतें कीं नाहीं याचीहि विचारपूस करावी. मुख्य फळ्यावर ३० मिलिअँपिअरचें आरसीसीबी बसवावें. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत तेवढा फरक पडतांच तें वीज तोडतें. आणि हें सर्व चाललें असतां मुलास शाळेंत पाठवूं नये, जवळ उभें करावें. त्या दिवसाची गैरहजेरी आम्ही मांडणार नाहीं.

शाळेच्या बाजूनें आमची एक सूचना आहे. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनांत ज्या यंत्राचे दिवे अधिक चमकतात त्यास बक्षीस मिळतें, असा आजवरचा अनुभव आहे. यापुढें परीक्षकांनीं खेळ पाहण्यापूर्वीं पेटी उलटी करून सातवी तार कोणत्या स्क्रूपासून निघते व कोठें जाते तें विचारावें. आणि ज्या विद्यार्थ्यास आपलें यंत्र मांडावयाचें आहे त्यानें घरच्या सॉकेटचें माप, वायरमनच्या व वडिलांच्या किंवा आईच्या सहीनिशीं, अर्जासोबत आणावें.