दुडकीतली मांड

खर्ड्याहून आलेले एक पत्र समोर आहे. लिहिणाऱ्या गृहस्थांचे वय ६८. तरुणपणी घरी घोडी होती, खोगिरावाचूनही ते बसत. आता नातवाने घोडी घेतली आहे आणि आजोबांना पुन्हा मांड टाकायची आहे. सूनबाईंचा विरोध आहे. पावली चालीत काही अडत नाही. पण दुडकी सुरू झाली की अंग आदळते, कंबर भरून येते आणि घोडी हाताबाहेर पळू लागते. “पायांत पूर्वीचा जोर नाही, दुसरे काय?” असे त्यांनीच निदान करून ठेवले आहे.

आजोबा, मला हे निदान मान्य नाही. जोर कमी पडत नसून तो भलत्या ठिकाणी लागतो आहे.

पावली चालीत घोड्याचे चार पाय एकामागून एक पडतात. दुडकीत पुढचा डावा व मागचा उजवा एकदम पडतात, मग दुसरी जोडी. आणि दोहोंच्या मध्ये क्षणभर चारही पाय अधांतरी असतात. पाय पुन्हा जमिनीवर टेकतात तेव्हा स्वाराला खालून धक्का बसतो. भीतीने आपण गुडघे आवळतो. गुडघा आवळला की तो बिजागरीसारखा होतो, पोटरी घोड्यापासून सुटते, टाच वर जाते आणि बैठक खोगिरावरून उचलली जाते. शिवाय शिकवलेल्या घोड्याला पायांचा दाब म्हणजे ‘पुढे चल’ असा हुकूम. आपण पडू नये म्हणून आवळतो, ती अधिक वेगाने धावते, आपण आणखी आवळतो. आपल्या घोडीचा यात काहीच दोष नाही.

तेव्हा गुडघा सैल सोडावा. पाऊल रिकिबीत चवड्यावर टेकवावे, टाच आपल्या वजनाने खाली उतरू द्यावी. पोटरी तंगाच्या किंचित मागे, ओल्या फडक्यासारखी नुसती टेकलेली असावी. दुडकीच्या तालावर एका ठोक्याला उठावे, दुसऱ्याला हलकेच बसावे. चाल मंदावली तर खोगिरावर टेकतानाच पोटरीने क्षणभर दाबून लगेच सोडावे. हे सोडणे फार महत्त्वाचे आहे. घोडीला उत्तर मिळाल्याची खूण तीच. सतत टाचा मारणाऱ्या स्वाराचे घोडे काही दिवसांत बधिर होते, जसे घरात अखंड ओरडणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. वळताना आतल्या बाजूचा पाय तंगापाशी ठेवून तिला पुढे नेतो. बाहेरचा पाय चार बोटे मागे राहून तिचा मागचा भाग बाहेर जाऊ देत नाही.

आपल्या गावाला हे सांगणे म्हणजे जरा धाडसच. मार्च १७९५ मध्ये याच खर्ड्याच्या परिसरात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखाली पेशवे, शिंदे, होळकर, भोसले यांच्या फौजा निजामाविरुद्ध एकवटल्या होत्या, आणि निजामाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला होता. मराठी घोडदळाचा लौकिक आपल्याला ठाऊकच आहे. ‘मांड पक्की’ हा शब्दप्रयोग त्याच जगातला. पण पक्की म्हणजे करकचून आवळलेली, असा अर्थ आपण उगाच घेतला. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्यांखाली पायांत शक्ती उरली नाही, घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी दुसऱ्याचा आधार लागे. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अश्वारोहणात रौप्यपदक मिळवले. त्यांचे काम मुख्यतः बैठकीने आणि तोलाने चाले.

आता सूनबाईंशी दोन शब्द. आपली काळजी रास्त आहे. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झालेले असेल, खुब्याचा सांधा बदललेला असेल, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय मामंजींना घोडीवर बसू देऊ नका. दुडकी तर नाहीच. यांपैकी काही नसेल तर माझा साधा निकष असा : हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा सावकाश उठता-बसता यावे. दुडकीतली उठबस तीच आहे, फक्त खुर्ची हलती असते. जमत नसेल तर आधी खुर्चीवरच सराव करावा. बसल्या बसल्या गुडघ्यांमध्ये उशी धरून पाच मोजेपर्यंत दाबावी आणि सोडावी. श्वास मात्र रोखू नये. कठडा धरून पायरीच्या कडेवर चवडे टेकवावेत आणि टाचा हळूहळू खाली सोडाव्यात.

डोक्याला स्वाराचे शिरस्त्राण हवे, पटका नव्हे. चढण्यासाठी ओटा वापरावा. प्रारंभी नातवाने दोर धरून मोठ्या वर्तुळात घोडी फिरवावी, दुडकी वीस-पंचवीस पावलांपुरतीच ठेवावी आणि मध्ये पावली चाल घ्यावी. उतरताना घोडी पूर्ण थांबल्यावर आधी दोन्ही पाय रिकिबीतून सोडवावेत, मगच उजवा पाय पाठीवरून आणावा आणि त्याच ओट्यावर उतरावे. त्या वेळी सूनबाई जवळ उभ्या असल्या तर उत्तमच.