काटे कुणी टाकले?

सीमा आपल्यावर लादली गेली, हे वाक्य आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करताना ऐकतो, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला ऐकतो. वाक्य खरंच आहे. १९५६ साली बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, भालकीतल्या मराठी माणसाला कुणी विचारलं नव्हतं. पण मला आज दुसराच प्रश्न विचारायचा आहे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये आपल्याच गावांच्या वेशीवर बाभळीचे काटे टाकून ज्या नव्या सीमा उभ्या राहिल्या, त्या कुणी लादल्या? त्यांची शिफारस कुठल्या महाजन आयोगानं केली नव्हती. त्या आपल्या गावांनी आपल्या हातानं आखल्या. या गोष्टीचा हिशेब आपण अजून केलेला नाही, आणि सीमाभागातल्या तरुणांनी तो सगळ्यात आधी करायला पाहिजे.

आधी तारखा बघूया, कारण आपली आठवण फार लवकर पातळ होते. भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० ला केरळात सापडला. देशातला पहिला मृत्यू झाला तो आपल्याच राज्यात, कलबुर्गीत, १० मार्चला. तरीही बाजार, यात्रा, लग्नं चालूच होती. 'आपल्याकडच्या उन्हात टिकायचं नाही ते' असं म्हणणारे प्रत्येक कट्ट्यावर होते. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. विषाणू बारा तासच जगतो, म्हणून चौदा तास घरी बसलं की साखळी तुटली, असला मेसेज फिरत होता. संध्याकाळी पाच वाजता दारात उभं राहून टाळ्या वाजवायच्या होत्या. देशात कित्येक ठिकाणी लोक थाळ्या, घंटा, ढोल घेऊन मिरवणुकीनं रस्त्यावर आले. दिवसभर अंतर पाळलं आणि संध्याकाळी गर्दी करून ते मोडलं! दोन दिवसांनी, २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधान बोलले आणि चार तासांनी अख्खा देश बंद झाला. एकवीस दिवस.

मी तेव्हा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. इंग्रजीचा एकच पेपर राहिला होता, तो पुढं गेला आणि १८ जूनला झाला. मधले तीन महिने मी गावातच होतो. त्यामुळं जे लिहितोय ते बघून लिहितोय.

पहिल्या आठवड्यातच गावच्या रस्त्यावर काटे पडले. कुठं बैलगाडी आडवी लावली, कुठं जेसीबीनं चर मारला. 'बाहेरच्यांना प्रवेश बंद' असे फलक लागले. आता बाहेरचे म्हणजे कोण? चीनमधून कोण येणार होतं आपल्या गावात! बाहेरचे म्हणजे पुण्याच्या कंपनीत हेल्पर असलेला आपल्याच गल्लीतला पोरगा. बाहेरचे म्हणजे मुंबईत वीस वर्षं हॉटेलात राबलेले काका. गोव्यात गवंडीकाम करणारं जोडपं आणि त्यांचं लहान मूल. यांनीच दिलेल्या वर्गणीतून गावच्या देवळाचा कळस चढलाय. गणपतीला यांची वाट बघितली जाते. आणि काम बंद पडल्यावर, खिशातले पैसे संपल्यावर हे लोक घरी आले, तेव्हा वेशीवरची पोरं मोबाइलवर शूटिंग करत म्हणत होती, "मुंबैचा आलाय म्हणे, आत घेऊ नका."

हे फक्त सीमाभागात झालं असं नाही. कोकणात चाकरमान्यांच्या वाट्याला हेच आलं, पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांतही आलं. पण आपल्याकडं त्याचा अर्थ वेगळा होतो. आपण साठ-पासष्ट वर्षं सांगतोय की नकाशावरची रेघ माणसापेक्षा मोठी नाही. आणि पहिल्या भीतीतच आपण रेघेच्या बाजूनं उभे राहिलो.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. "अरे, रोग नवीन होता, औषध नव्हतं, गावबंदी केली म्हणून गाव वाचलं." भीती खोटी होती असं मी म्हणतच नाही. अंतर ठेवणं गरजेचंच होतं. पण अंतर ठेवणं वेगळं आणि हाकलणं वेगळं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, प्लेगच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या आज्या-पणज्यांकडून ऐकलेल्या असतात. उंदीर पडायला लागले की गाव उठायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. तिथंही भीती होतीच, पण गाव एकत्र बाहेर पडायचं. २०२० मध्ये गावानं माणसालाच बाहेर ठेवलं. परत आलेल्याला शाळेच्या खोलीत ठेवणं बरोबर होतं. पण तिथं त्याला खाट, पाणी, दोन वेळचं जेवण आणि संडासची सोय देणं हेही गावाचंच काम होतं. ज्या गावांनी हे केलं, त्यांना माझा सलाम. अशी गावं होती. म्हणजे हे करता येत होतं, हेही सिद्ध झालं.

प्लेगचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. लॉकडाऊनमध्ये वापरलेला साथरोग कायदा हा १८९७ चा. मुंबई-पुण्यातल्या त्याच प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला. त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घरात घुसले, सामान बाहेर फेकलं, आणि २२ जून १८९७ ला चाफेकरांच्या गोळ्या सुटल्या. हा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याच वर्षी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा डॉक्टर यशवंत याच्यासोबत त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, आणि त्या स्वतः प्लेगनं गेल्या. एकाच साथीतल्या या दोन गोष्टी आहेत. लॉकडाऊनमध्ये पोलिसांच्या काठीचे व्हिडिओ टाळ्या पिटत फॉरवर्ड करणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, तुम्हाला यातलं नेमकं काय आठवलं? त्या काठीच्या जागी रँडचा सोल्जर दिसला नाही?

आता सरकारकडं येतो. गावांना सुनावलं म्हणजे सरकार सुटलं असं नाही. गावानं काटे टाकले, सरकारनं तर मातीचे ढीग टाकले.

केरळातलं कासरगोड आठवा. महाजन आयोगानं ज्या अहवालात बेळगाव कर्नाटकातच ठेवा असं म्हटलं, त्याच अहवालात कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भाग कर्नाटकाला द्या असंही म्हटलं होतं. कर्नाटकाला हा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य. कासरगोडचे कन्नडिग आमचे, असं तिकडं अजून सांगतात. मार्च २०२० मध्ये याच कर्नाटकानं कासरगोडहून मंगळूरला येणारे रस्ते माती टाकून बंद केले. कासरगोडचे लोक वर्षानुवर्षं उपचाराला मंगळूरलाच येतात. रुग्णवाहिका अडल्या, वाटेत रुग्ण दगावल्याच्या बातम्या आल्या. केरळ हायकोर्टानं १ एप्रिलला रस्ता मोकळा करायला सांगितलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि ७ एप्रिलला रुग्णांना सोडण्याबाबत तोडगा निघाल्याचं तिथं सांगण्यात आलं. म्हणजे ज्या भूमीवर हक्क सांगायचा, त्या भूमीवरचा पेशंट मात्र नको. जमीन आमची, माणूस तुमचा!

हे वाचून कुणाला आनंद झाला असेल तर थांबा. आपल्याकडची गोष्ट वेगळी नाही. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण दुखलं-खुपलं की तिथला माणूस शिनोळीवरून बेळगावलाच येतो. गोव्याच्या ताटातली भाजी बेळगावच्या बाजारातून चोर्ला घाट उतरून जाते. नकाशा काहीही म्हणो, दवाखाना, बाजार आणि सोयरीक यांचा आपला एकच मुलूख आहे. लॉकडाऊनमध्ये तो मुलूख मध्येच कापला गेला. कोगनोळी नाक्यावर रांगा लागल्या. १८ मे २०२० ला कर्नाटकानं महाराष्ट्र, गुजरात, तामिळनाडू आणि केरळमधून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत बंदी जाहीर केली. त्यानंतर 'महाराष्ट्र रिटर्न' हे जणू आजाराचंच नाव झालं. शहरात एका दुकानात मी मराठीत सामान मागितलं, तर मागून एकानं विचारलं, "महाराष्ट्रातनं आलायस काय?" जन्म इथला, आधार कार्ड इथलं, पेपर इथला राहिलेला. पण भाषा हाच पुरावा धरला.

आणि महाराष्ट्र? सीमाभाग आमचाच, असं विधानसभेत म्हणणाऱ्या महाराष्ट्राची तरी इकडच्या पेशंटसाठी, इकडच्या मजुरासाठी काही तयार व्यवस्था होती का? दोन्ही राज्यांत साधा लेखी करार नव्हता की साथ आली तर सीमेवरचा रुग्ण कुठं जाईल आणि त्याला कोण अडवणार नाही. साथ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू नये हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, नोंद क्रमांक २९. म्हणजे केंद्रालाही यावर कायदा करता येतो. इतकं सगळं कागदावर असून पेशंट नाक्यावर हवालदाराच्या मर्जीवर!

भाषेचं तर बोलायलाच नको. कानात खोकल्याची कॉलर ट्यून वाजायची, ती कन्नडमध्ये. दारावर चिकटवलेला विलगीकरणाचा कागद कन्नडमध्ये, नाहीतर इंग्रजीत. दिल्लीहून आलेलं आरोग्य सेतू ॲप मराठीत चालत होतं, पण आपल्याच तालुक्यातली सूचना मराठीत नव्हती. वरून विलगीकरणातल्या लोकांचे पत्ते कर्नाटकात जाहीर याद्यांतून बाहेर आले. आजाराची माहिती लोकांपर्यंत पोचत नव्हती, आजाऱ्याची बरोबर पोचत होती.

"साथीत भाषेचं काय घेऊन बसलाय?" असं विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांना माझं सरळ उत्तर आहे. जी सूचना वाचता येत नाही ती सूचनाच नाही. श्वास लागला तर कुठं फोन करायचा, हे सत्तर वर्षांच्या मराठी आजीला कन्नडमध्ये सांगणं म्हणजे न सांगणं. हा अस्मितेचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. आणि ही काही मेहेरबानी मागणं नव्हे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के किंवा जास्त लोक जी भाषा बोलतात, त्या भाषेत महत्त्वाचे नियम आणि सूचना प्रसिद्ध करायच्या, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या देशपातळीवरच्या संरक्षणांत ठरलेलं आहे. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेनंही ते मान्य केलंय. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी किती आहे, हे मोजायला तज्ज्ञ लागत नाही.

शेवटचा मुद्दा काहींना टोचेल, पण तो सांगणारच. मार्च २०२० च्या अखेरीस निजामुद्दीनच्या मरकजचं प्रकरण झालं. गर्दी करणं चूकच होतं, जशी थाळ्या वाजवत गर्दी करणं चूक होतं. पण थाळीवाल्यांचा धर्म कुणी विचारला नाही. इकडं मात्र मुसलमान भाजीवाल्याला गल्लीत येऊ देऊ नका असे मेसेज आपल्या मराठी ग्रुपांवर फिरले. पुढं ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलिगी जमातच्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. तो निकाल किती जणांनी फॉरवर्ड केला? आपण साठ वर्षं 'बाहेरचे' हा शिक्का कपाळावर घेऊन फिरतोय. तो शिक्का दुसऱ्याच्या कपाळावर मारायला आपला हात धजतो कसा?

मित्रांनो, पुढची साथ येणारच आहे, कधी ते माहीत नाही. म्हणून तीन कामं आत्ता करूया. एक, आपापल्या ग्रामपंचायतीला लेखी द्या की आरोग्याच्या सूचना कन्नडसोबत मराठीतही लावा, आणि गावात उर्दू वाचणारे असतील तर उर्दूतही. पोच घ्या, उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात विचारा. दोन, आपल्या नेत्यांकडं मागणी करा की रुग्णवाहिका कुठल्याही परिस्थितीत नाक्यावर अडणार नाही असा करार दोन्ही राज्यांनी करावा. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो निकाल लागेल तेव्हा लागेल. बाळंतीण तारखेची वाट बघू शकत नाही. तीन, ग्रामसभेत आजच ठराव करा की परत येणारा आपला माणूस कुठं राहील, त्याला जेवण कोण देईल. भीती आल्यावर ठराव होत नाहीत, तेव्हा फक्त काटे पडतात.

सीमाप्रश्न सुटेल तेव्हा नकाशा बदलेल. वेशीवरचे काटे मात्र कोर्ट काढून देणार नाही, ते आपल्यालाच उचलावे लागतील.