एक मिनिट, न अडखळता

टिंगल वेगळी, गंमत वेगळी. बीबीसी रेडिओवर १९६७ पासून चालत आलेला इंग्रजी ‘जस्ट अ मिनिट’ आम्ही मोबाइलवर ऐकतो, तो म्हणूनच. पाहुण्याने दिलेल्या विषयावर मिनिटभर बोलायचे. अडखळायचे नाही, शब्द पुन्हा वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही. चूक झाली की सगळे हसतात, चुकणाराही. २०१२ मध्ये त्याचे दोन भाग मुंबईत झाले, सायरस ब्रोचा आणि अनुवब पाल यांना घेऊन.

आमच्या पनवेलमध्ये उर्दू माध्यमातली कित्येक मुले मराठी बोलताना लाजतात. त्यांना व्याख्यानापेक्षा असा खेळ बरा. इशानंतर घरातच खेळून पाहा. विषय: शीरखुर्मा. आधी दादीला बोलू द्या; त्या अडखळल्या की नातवाची भीती आपोआप जाईल.